पानं कोरी राहू द्या

आजारपणानंतर मूल शाळेत परतलं की आपण आधी त्याच्या वह्या बघतो. "किती दिवस नव्हतीस? मैत्रिणीच्या वह्या घे आणि सगळं पूर्ण करून आण." टायफॉइड असो, डेंगी असो की मामाच्या लग्नासाठी मारलेली दांडी असो, नियम सगळ्यांना एकच. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हा नियम माझ्याकडे माझ्या बाईंकडून आला, त्यांच्याकडे त्यांच्या बाईंकडून आला असणार. त्यामागचा हेतू चांगलाच आहे, मुलाचं बुडालेलं भरून निघावं एवढाच.

पण डोक्याला मार लागून घरी राहिलेल्या मुलासाठी हा नियम फार जाचक आहे. वह्या उतरवून काढताना मूल नेमकं काय करतं ते बघा. शेजारच्या वहीत बघायचं, आपल्या वहीत लिहायचं, परत शेजारी बघायचं, कुठवर आलो होतो ती ओळ शोधायची, मग पुढचे चार शब्द. तासन् तास नजर इकडून तिकडे. दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र आणणं, फळ्यावरून वहीवर येणं, ओळ न सोडता पुढे सरकणं ही कामं एरवी मेंदू आपल्या नकळत करून टाकतो. कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूचं कामकाज काही काळ विस्कळीत झाल्यावर, अनेक मुलांना काही दिवस त्यासाठीच झगडावं लागतं. अर्ध्या पानातच डोकं ठणकू लागतं, अक्षरं हलतात, मळमळतं. बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की एक धडधाकट मुलगी पेन खाली ठेवून बसली आहे.

अशी एक मुलगी माझ्या वर्गात होती. नववीतली, कबड्डीच्या संघातली, पकडीत तरबेज. तालुक्याच्या शालेय स्पर्धेआधीच्या सरावात चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. पडली, उठली, माती झटकली आणि "काही नाही झालं सर" म्हणत पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. शुद्ध हरपली नव्हती, रक्त आलं नव्हतं, साधं टेंगूळही नव्हतं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी तिला त्या दिवशी बाहेर बसवलं. ती चिडली, पाय आपटत बसली, पण सर बधले नाहीत. संध्याकाळी घरी तिला दोनदा उलटी झाली. वडिलांनी रातोरात शहरात नेलं, सी.टी. स्कॅन झाला. "रिपोर्ट नॉर्मल आहे. मुका मार आहे. आठवडाभर आराम करू द्या." चिठ्ठीवर एवढंच. शाळेबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो, आणि पडायलाच हवा. सी.टी. स्कॅन शोधतो कवटीचा तडा, आतला रक्तस्राव, सूज. ते नाही हे कळणं मोलाचंच. पण कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं कामकाज, आणि ते त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात उमटत नाही. डोक्याला बसलेल्या हिसक्याने मेंदूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. तो तोल परत सावरायला पेशींना एकदम जास्त ग्लुकोज लागतं, आणि नेमका त्याच सुमारास मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा घटलेला असतो. गरज वाढलेली आणि पुरवठा कमी. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब कमी असला की घरातले दिवे लागतात, पंखाही फिरतो, पण विहिरीवरची मोटर उचलत नाही. या मुलीचं तसंच झालं होतं. ती हसत होती, बोलत होती, डबा खात होती. पण बीजगणिताचं उदाहरण समोर आलं की तिचं डोकं चालत नव्हतं. मग वर्गात कुजबुज सुरू झाली, "मधल्या सुट्टीत बरी असते आणि गणिताच्या तासालाच हिचं डोकं कसं दुखतं?"

"नाटक करते" हा शब्द तिच्या कानावर आला तेव्हा ती रडली नाही, नुसती गप्प झाली. मुलं अशी गप्प झाली की मला धसका बसतो. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, सगळे त्यावर पेनाने नावं लिहितात, दप्तर उचलायला चारजण धावतात. डोक्याला लागलेल्या मुलाला आधी आपल्याला लागलंय हेच पटवून द्यावं लागतं, आणि तेही बोलताना शब्द सापडत नसताना. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन मी विज्ञानाच्या तासाला सगळ्या वर्गाला हे समजावून सांगितलं. फळ्यावर पेशीची आकृती काढली, पोटॅशियम-कॅल्शियमचे बाण दाखवले. नववीच्या मुलांना हे चांगलं कळतं. क्रिकेटचं उदाहरण दिलं तर आणखी लवकर कळतं.

कन्कशन हा शब्द आपल्या मुलांपर्यंत आला तोच मुळी क्रिकेटमधून. आयसीसीने 1 ऑगस्ट 2019 पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घ्यायला परवानगी दिली. 2020 च्या डिसेंबरात कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत चेंडू जडेजाच्या हेल्मेटवर आदळला, त्याच्या जागी चहल आला आणि सामना जिंकून देऊन गेला, हे वर्गातल्या पोरांना तोंडपाठ होतं. मी त्यांना त्याच्या आधीची गोष्ट सांगितली. ऑगस्ट 2019, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि तो कोसळला. थोड्या वेळाने तो बरा वाटून परत खेळायला आला, 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर त्याचं डोकं दुखत होतं, जड झालं होतं. मग त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. स्मिथ पुढचा सामनाही खेळला नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूला, भोवती डॉक्टरांचा ताफा असताना, लक्षणं दुसऱ्या दिवशी जाणवली. तर मग आपल्या मैदानावर "काही नाही झालं सर" म्हणणाऱ्या पोरीच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवसानंतर तिचं दप्तर उचलायला मुली पुढे यायला लागल्या.

ती शाळेत परतण्याआधी घरी वेगळीच तऱ्हा होती. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या आजीने खिडकीवर गोधडी टांगून खोली अंधारी केली होती. मोबाइल कपाटात, पुस्तकं कपाटात, मैत्रिणींना मज्जाव, अंथरुणातून उठायचं नाही. "बाई, डोक्याचा मार आहे, हलवायला नको." आजींचा जीव तुटत होता. आणि खरं तर एके काळी डॉक्टरही असाच सल्ला द्यायचे. पुढे तो तपासला गेला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 11 ते 22 वयाच्या मुलांवर केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पाच दिवस कडक विश्रांती दिली, बाकीच्यांना एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार. कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनीच जास्त त्रास सांगितला. अंधारात एकटं पडून राहिलं की माणसाला आपल्या दुखण्याशिवाय दुसरं काही उरत नाही, झोपेचा ताल बिघडतो, धास्ती वाढते. म्हणून आता पहिले 24 ते 48 तास सैलसर विश्रांती सांगतात, म्हणजे घरातल्या घरात वावरायचं, धावपळ नाही, अभ्यास नाही. त्यानंतर झेपेल तसं चालणं-फिरणं सुरू करायचं.

मोबाइल कपाटात ठेवला हे मात्र आजींनी अगदी बरोबर केलं होतं. 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात पहिले 48 तास स्क्रीन न बघणाऱ्या मुलांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत आटोपला, बघणाऱ्यांना आठ दिवस लागले. आजींना मी म्हटलं, "मोबाइलचं तुमचंच खरं. आता गोधडी तेवढी काढा आणि संध्याकाळी हिला देवळापर्यंत चालत नेत जा." त्या लगेच तयार झाल्या, कारण त्यांना काहीतरी करायचं होतंच. दुसऱ्या दिवसापासून आजी-नात देवळात.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती राहून जायला नको. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या थांबत नाहीत, मूल जागं होत नाही की गुंगीत बोलतं, फिट आली, हातापायातली ताकद गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, कानानाकातून पाणी किंवा रक्त येतंय, यातलं काहीही दिसलं तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा. पहिला रिपोर्ट नॉर्मल असला तरीही.

आता शाळेतलं. ती आली ती आधी दोन तासांपुरती. परिपाठाला उन्हात उभं राहायचं नाही, थेट वर्गात. खिडकीकडचा बाक सोडून भिंतीकडचा, कारण खिडकीतून पत्र्यावरची तिरीप थेट डोळ्यांवर येते. लेझीमचा सराव सुरू असायचा तेव्हा ती ग्रंथालयात बसायची, हलगीचा आवाज तिला सहन होत नव्हता. टोपी घालून बसायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. आपल्या शाळांत वर्गात टोपी म्हणजे केवढी गोष्ट, हे शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिला मी एक काम दिलं होतं. प्रत्येक तासाला डोकेदुखीला दहापैकी गुण द्यायचे आणि वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडायचे. सकाळी दोन असतील आणि तासाअखेर तीन-चार झाले, तासाभरात परत खाली आले, तर चालतं. मेंदूला थोडा ताण पडला तरी अपाय होत नाही, उलट तसाच तो सावरतो. पण सकाळच्यापेक्षा दोन गुणांहून जास्त वाढले किंवा उतरेनात, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. चार दिवसांत त्या आकड्यांवरून आम्हाला कळलं की इतिहासाच्या तासाला ती दोनावरच असते, गणिताला पाच होतात आणि फळ्यावरून उतरवून घ्यायचं असलं की विषय कुठलाही असो, सहा. आकडे समोर आल्यावर शिक्षकांच्या खोलीतला "नाटक" हा विषय आपोआप संपला.

पण खरी अडचण राहिली ती साठलेल्या अभ्यासाची. याबाबत माझं मत आता पक्कं झालं आहे आणि ते मी ठासून मांडते. आपण मुलाला सवलत देतो म्हणजे काय करतो, तर मुदत वाढवतो. "आत्ता नको लिहूस, बरी झालीस की लिही. चाचणी आत्ता नको, पुढच्या महिन्यात दे." ऐकायला हे प्रेमाचं वाटतं. पण मूल बरं होत असताना रोजचा अभ्यास थांबलेला नसतोच, त्यावर हा मागचा डोंगर चढत जातो. जी मुलगी अर्धा दिवसच बसू शकते तिच्यावर आपण दीड दिवसाचं काम टाकतो. बरं होण्याची वेळ जवळ आली की पोटात गोळा येतो, कारण बरं झालं की सगळं भरून द्यायचंय. डोकेदुखी मग जायचं नावच घेत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून काम पुढे ढकलू नये, कमी करावं. काही गोष्टी सरळ खोडून टाकाव्यात आणि त्या खोडल्या आहेत हे मुलाला स्पष्ट सांगावं.

आमच्या गणिताच्या सरांना हे सुरुवातीला मान्य नव्हतं. "बाई, समीकरणांची पायरी कच्ची राहिली तर दहावीत काय करणार ती?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोघं पुस्तक घेऊन बसलो. एका उदाहरणसंग्रहातली अर्ध्याहून जास्त उदाहरणं सरावाची असतात, रीत कळायला मोजकीच पुरतात. ती मोजकी कुठली हे सरांइतकं कोणाला कळणार? त्यांनी स्वतः लाल पेनाने खुणा केल्या, उरलेल्यांवर आडवी रेघ मारली. ती मोजकी उदाहरणं तिने तोंडी सांगितली आणि सरांनी लिहून घेतली. मराठीच्या बाईंनी निबंध सोडून दिला आणि त्याऐवजी त्याच विषयावर तिच्याशी गप्पा मारल्या, त्यावरून गुण दिले. एक घटक चाचणी रद्द. पुढे नेलेली नाही, रद्द.

अवघड गेलं ते तिला समजावणं. तिचं अक्षर सुंदर, वह्या नेहमी वर्गात दाखवण्याजोग्या. "बाई, माझीच वही अर्धी राहील." तिच्या डोळ्यात पाणी होतं. कबड्डी बुडाली तेव्हाही आलं नव्हतं. मग मी टिपणांच्या झेरॉक्स काढल्या, तिच्या वहीत चिकटवल्या आणि प्रत्येक पानावर खाली लिहिलं, "या प्रकरणाचं टिपण तपासलं आहे. पुन्हा लिहू नये." सही, तारीख, शाळेचा शिक्का. शिक्का बघून तिला धीर आला. आपल्या मुलांना सवलत नको असते, मान्यता हवी असते. अंतर्गत गुणांसाठी वही बघणाऱ्यांनीही त्या शिक्क्यावर काही विचारलं नाही.

यासाठी कुठला निधी लागला नाही, कुठलं यंत्र लागलं नाही. झेरॉक्सचे थोडे पैसे, एक रिकामी खोली आणि सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाच शिक्षकांनी पाच वेगळ्या सवलती दिल्या तर त्या मुलाला रोज पाच ठिकाणी आपली कहाणी सांगत फिरावं लागतं. आमच्याकडे ती जबाबदारी वर्गशिक्षिका म्हणून मी घेतली. घरच्यांनी फोन करायचा तो मलाच, आणि बाकीच्यांना सांगायचं मी.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात कन्कशनची शंका आली की मुलाला खेळातून बाहेर काढायचं आणि टप्प्याटप्प्याने परत आणायचं, हे कायद्याने बांधलेलं आहे आणि त्या कायद्यामागे एक मुलगी आहे. रोवन स्ट्रिंगर, ऑटावाची, 17 वर्षांची, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. 2013 च्या मे महिन्यात थोड्याच दिवसांत तिच्या डोक्याला एकामागोमाग मार बसले. आपल्याला कन्कशन झालं असावं अशी तिला शंका आली होती, तिने इंटरनेटवर शोधलंही होतं, मैत्रिणींशी त्याबद्दल बोलली होती. मोठ्या माणसांपैकी कोणालाच पत्ता नव्हता. पुढच्या सामन्यात पुन्हा डोकं आदळलं आणि ती गेली. मेंदू आधीच्या मारातून सावरलेला नसताना दुसरा मार बसला की क्वचित असं होतं. 2015 मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी झाली, ज्युरीने 49 शिफारशी केल्या आणि 2018 मध्ये रोवनच्या नावाने कायदा झाला. अमेरिकेतही वॉशिंग्टन राज्यात 2009 मध्ये असाच कायदा झाला तो 13 वर्षांच्या झॅकरी लिस्टेड या मुलामुळे. 2006 मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळताना डोकं आपटलं, त्याच सामन्यात तो परत मैदानात उतरला आणि सामना संपताच कोसळला. जगला, पण पुन्हा उभं राहायला त्याला वर्षं लागली.

रोवनची गोष्ट वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तिला माहीत होतं. मैत्रिणींना माहीत होतं. आपल्याही वर्गात असंच असतं. कोणाचं डोकं दुखतंय, कोण रात्री झोपत नाहीये, हे शेजारच्या बाकावरच्या मुलीला आपल्याआधी ठाऊक असतं. म्हणून मी मुलींना सांगते, हे सांगणं म्हणजे चहाडी नाही.

आधी शाळा, मग मैदान, हा क्रम जगभर मानला जातो. पूर्ण वेळ शाळा त्रासाविना जमायला लागली की मगच अंगाला अंग भिडणारा खेळ. मैदानावर परतण्याच्याही सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान एक दिवस, आणि सामन्याची पायरी अगदी शेवटची. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. मूल शाळेत जायला कुरकुरतं, पण खेळायला पळतं, आणि आपण म्हणतो खेळतोय म्हणजे बरा झाला. शिवाय खेळाच्या सवलतीच्या गुणांचा मोह असतो, संघात एक खेळाडू कमी पडलेला असतो. आमच्या सरांवरही दबाव आला. गावातल्या एकाने तर "नुसती उभी करा तिला, पकड करू नको म्हणावं" असंही सुचवलं. सरांनी तिला नेलं नाही. संघ दुसऱ्याच फेरीत हरला आणि सरांना बोलणी खावी लागली. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पुढच्या वर्षी ती खेळली.

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होतात, तीही झाली. ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यायलाच हवं, डोळ्यांचं आणि तोल सांभाळण्याचं काम नीट चाललंय का ते तपासून घ्यायला हवं. आणि हे फक्त खेळाडूंचं नाही. माझ्या पाहण्यातली डोक्याच्या माराची मुलं जास्त करून दुचाकीवरून पडलेली आहेत. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, पण शाळेच्या फाटकात उभं राहून बघा, वडिलांच्या डोक्यावर असतं आणि मागे बसलेल्या पोराचं डोकं उघडं.

शाळेतलं काम आता बऱ्यापैकी बसलं आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाची चिठ्ठी आली की आम्ही पालकांना डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून आणायला सांगतो, शाळा किती वेळ, लिखाण किती, खेळ कधी. डॉक्टर आनंदाने लिहून देतात, कोणी विचारलेलंच नसतं. अडतं ते संध्याकाळच्या क्लासपाशी. शाळेत आम्ही अर्धा दिवस करतो आणि तेच मूल सहा ते नऊ ट्यूबलाइटखाली साठ जणांत बसून टेस्ट सिरीज सोडवतं, कारण फी भरलेली असते. त्या मुलीच्या वेळी तिच्या वडिलांनी हिंमत करून क्लास थांबवला होता. सगळ्यांना ते जमत नाही. तालुक्यातल्या क्लासचालकांची एक बैठक बोलवावी असं मी आणि सरांनी ठरवलंय. दोघांशी बोलणं झालं आहे, एकाने हो म्हटलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी बाकीच्यांना भेटायचं आहे.